टाका किती मजबूत हवा? बोटातल्या कंडरेच्या शिवणीचा इतिहास

आजचा विषय वाचून हा कार्यक्रम फक्त डॉक्टरांसाठी आहे असं काहींना वाटलं असेल. म्हणून सुरुवातीलाच एक छोटंसं काम सांगतो. डावा हात पुढे करा, तळवा वर. उजव्या हाताने डावं मनगट धरा, अगदी मनगटावर नको, चार बोटं वर. आणि आता डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटा आणि उघडा.

आत काहीतरी सरकतंय ना? बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटात नसतातच. ते कोपराच्या खाली, आपण जिथं धरलंय त्याच्याही वर असतात. तिथून दोऱ्या निघतात, मनगटातून तळव्यात येतात आणि बोटाच्या हाडांना जाऊन चिकटतात. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या असाव्यात तशा. या दोऱ्यांना शास्त्रीय मराठीत कंडरा म्हणतात. इंग्रजी शब्द टेंडन.

आपल्या बोलण्यात मात्र कंडरा हा शब्द जवळजवळ नाही. विळीवर नारळ फोडताना हात कापला, पतंगाच्या मांजाने बोट चिरलं, की आपण म्हणतो ‘शीर तुटली’. रक्तवाहिनी तुटली तरी शीर, मज्जातंतू तुटला तरी शीर, कंडरा तुटली तरी शीर. तीन वेगळ्या गोष्टी आणि शब्द एक. हे लक्षात ठेवा, कारण आजच्या गोष्टीतली पहिली चूक याच जातीची आहे.

आता अडचण समजून घेऊ. प्रत्येक बोटात, अंगठा सोडून, वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात. एक वरची, एक खोलवरची. तळव्याच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत या दोन्ही एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याला जागोजागी कड्या असतात, मासेमारीच्या गळाच्या काठीला दोरी धरून ठेवायला असतात तशा. आत वंगण असतं. आणि वरची कंडरा मध्येच दुभंगते, तिच्या फटीतून खालची आरपार पुढे जाते. इतक्या जागेत इतकी गर्दी.

ही दोरी तुटली की तिची दोन्ही टोकं जुळली पाहिजेत. पण ती बोगद्याच्या भिंतीला चिकटता कामा नयेत. शरीर जखम भरतं ते सगळं एकमेकांना चिकटवूनच. बोट स्थिर ठेवलं तर टोकं जुळतात, पण कंडरा भिंतीलाही चिकटते आणि बोट काठीसारखं ताठ राहतं. बोट हलवलं तर चिकटत नाही, पण टाका सुटतो. तेव्हा टाका किती मजबूत हवा? हा प्रश्न साधा वाटतो, पण तो आकड्यात विचारायला वैद्यकाला जवळजवळ दोन हजार वर्षं लागली.

गेलनची भीती

ग्रीक भाषेत ‘न्यूरॉन’ या शब्दाचा मूळ अर्थ कंडरा, तात, धनुष्याची दोरी असा होता. पुढे तोच शब्द मज्जातंतूला लागला. शरीररचनेच्या पुस्तकात आजही कंडरेच्या पसरट पडद्याला ‘ॲपोन्यूरोसिस’ म्हणतात, तो याच गोंधळाचा अवशेष. दुसऱ्या शतकात गेलन हा वैद्य पर्गामोन शहरात ग्लॅडिएटरांच्या जखमा पाहत होता. त्याचं मत असं, की कंडरेत मज्जातंतूचे धागे मिसळलेले असतात. त्यामुळे तिला सुई टोचली तर भयंकर वेदना होतील, झटके येतील. सल्ला सरळ होता: कंडरेला टाका घालू नका.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शरीराचे घटक मोजताना स्नायू, सिरा, धमनी आणि कंडरा वेगळ्या सांगितल्या आहेत, आणि कंडरांची संख्या १६ दिली आहे. म्हणजे वेगळं नाव होतं. पण वेगळं नाव असणं आणि ती शिवणं यात बरंच अंतर आहे.

अकराव्या शतकात इब्न सीनाने कंडरा शिवावी असं सांगितलं, असं वैद्यकाचे इतिहासकार मानतात. युरोपात मात्र गेलनचा धाक टिकून राहिला. १७५२ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठात आल्ब्रेख्त फॉन हालर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांची मालिकाच मांडली. कुठला भाग टोचला की वेदना होते आणि कुठला टोचला की होत नाही, हे त्यांनी एकेक करून तपासलं. कंडरा टोचली, कापली, जाळली, तरी प्राण्याला वेदना झाल्याचं दिसेना. सुमारे सोळाशे वर्षांची मनाई एका तपासणीने निराधार ठरली.

कुणाचीच नसलेली जमीन

आता थेट विसाव्या शतकात येऊ. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टर्लिंग बनेल. हाताच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शाखा म्हणून उभं करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. १९१८ मध्ये त्यांनी बोटांतल्या कंडरांच्या दुरुस्तीवर लेख लिहिला. कंडरेत तिरपा, एकमेकांना छेदत जाणारा टाका, बुटाच्या नाड्या ओवतात तसा, त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

बोगद्याच्या त्या भागाला बनेल यांनी ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं. पहिल्या महायुद्धातला शब्द. दोन्ही बाजूंच्या खंदकांमधली जमीन, कुणाचीच नसलेली, पाऊल टाकलं की मेलात. त्यांचा सल्ला असा, की या भागात कंडरा तुटली असेल तर लगेच शिवू नका. वरची कातडी तेवढी बंद करा. जखम पूर्ण भरू द्या. मग नंतर, अनुभवी सर्जनच्या हातून, दुसरीकडची कंडरा आणून नवी दोरी बसवा.

आज हे ऐकून आपल्याला विचित्र वाटेल. पण त्या काळात स्वतःला ठेवून बघा. प्रतिजैविकं नाहीत. कारखान्यात हात कापलेला कामगार येतोय, जखम घाण. टाके घालणारा डॉक्टर बहुधा हाताच्या शस्त्रक्रियेत प्रशिक्षित नाही. दोरा रेशमाचा, त्याने ऊतक चिडतं. अशा शिवणीत पू होऊन सगळं बोट वाया जाताना बनेल यांनी पाहिलं होतं. त्यांची मनाई त्यांच्या काळाला धरून होती. अडचण अशी झाली की पुढे काळ बदलला आणि मनाई तशीच राहिली.

तीन आठवडे

याच सुमारास शिकागोत मायकेल मेसन आणि हार्वी ॲलन यांनी एक फार महत्त्वाचं काम केलं. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात कुत्र्यांच्या कंडरा कापून शिवल्या, आणि वेगवेगळ्या दिवशी काढून त्या किती ताणाला तुटतात ते मोजलं. शिवण कशी दिसते यावर न थांबता ती किती ओढ सोसते ते त्यांनी पाहिलं.

आलेख असा आला. शिवल्या दिवशी ताकद असते ती पहिल्या चार-पाच दिवसांत झपाट्याने घटते. कारण टोकं मऊ पडतात आणि दोरा त्यातून चिरत जातो. मग दोन-अडीच आठवडे फारशी सुधारणा नाही. त्यानंतर ताकद वाढू लागते, आणि हालचालीने ती वाढायला मदत होते.

मोजमाप चोख होतं. त्यातून पुढच्या लोकांनी घेतलेला नियम असा: तीन आठवडे बोट अजिबात हलवायचं नाही. प्लास्टर, पट्टी, पूर्ण विश्रांती. मेसन आणि ॲलन यांनी सुरुवातीच्या मोकळ्या, अनिर्बंध हालचालीबद्दल इशारा दिला होता. पण मोकळी हालचाल आणि पूर्ण स्थिरता यांच्यामध्ये बरीच जागा आहे. मोजून मापून दिलेली, अर्ध्या सेंटिमीटरची हालचाल कुणी दिली तर? ते त्या प्रयोगात नव्हतंच. तरी नियम झाला आणि कित्येक वर्षं चालला.

१९६२ मध्ये पोटेन्झा यांच्या प्रयोगांनी त्याला आणखी बळ दिलं. त्यांचं म्हणणं होतं की बोगद्यातली कंडरा स्वतःहून भरून येऊ शकत नाही, आजूबाजूच्या ऊतकातून पेशी येतात म्हणून ती जुळते. म्हणजे चिकटणं हा दोष नव्हे, तो बरं होण्याचाच भाग आहे. असं असेल तर ताठ बोट ही अटळ किंमत ठरते. रुग्णाने ती द्यायची.

मनाई मोडणारे

पहिली फट स्वित्झर्लंडमध्ये पडली. लोझानचे क्लोद वेर्दां यांनी १९६० मध्ये त्या निषिद्ध भागातच कंडरा लगेच शिवल्याचे निकाल मांडले. त्यांची युक्ती अशी, की कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना कंडरेत आडव्या सुया घालून ताण अडवायचा, आणि मधे फक्त बारीक टाके घालायचे. बोट मात्र ते स्थिरच ठेवत. हाताचे भाग पाडून त्यांना क्रमांक देण्याची पद्धतही त्यांचीच. ती आजही वापरात आहे, आणि नो मॅन्स लँडला आता शांतपणे ‘दुसरा विभाग’ म्हणतात.

खरा धक्का १९६७ मध्ये बसला. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरातून हॅरल्ड क्लाइनर्ट आणि सहकारी आले. त्यांनी सांगितलं, आम्ही दुसऱ्या विभागात कंडरा लगेच शिवतो, आणि दुसऱ्याच दिवसापासून हलवतो. कसं? बोटाच्या नखाला रबरबँड लावायचा आणि त्याचं दुसरं टोक मनगटाच्या पट्टीला. रुग्ण बोट स्वतः उघडतो, आणि मिटण्याचं काम रबर करतं. वाकवणाऱ्या स्नायूला ओढावंच लागत नाही. शिवलेली कंडरा सरकते, पण तिच्यावर जोर येत नाही.

सभागृहाचा विश्वास बसला नाही. हस्तशल्यचिकित्सकांमध्ये आजही सांगतात, की लुईव्हिलला जाऊन रुग्णांची बोटं प्रत्यक्ष तपासायला समिती पाठवण्यात आली, आणि समितीला निकाल खरे आढळले. मला या गोष्टीतली समितीच जास्त आवडते. अविश्वास असला तर जाऊन बोट वाकवून बघायचं.

दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, इस्रायलमधल्या केसलर आणि निसिम यांनी स्थिर न ठेवता लगेच दुरुस्ती, असाच लेख लिहिला. कंडरेच्या कडेला दोऱ्याने पकड घेणारा केसलर यांचा टाका जगभर पसरला. गंमत अशी, की आज ‘सुधारित केसलर’ म्हणून जो टाका वापरतात, त्याच्या फार जवळचा टाका किर्शमायर यांनी १९१७ मध्येच जर्मन भाषेतल्या नियतकालिकात छापला होता. काही ठिकाणी आता दोघांची नावं जोडून घेतात. टाका पन्नास वर्षं पडून राहिला, कारण तो ज्यासाठी लागणार ती हालचालच मना होती.

आणि पोटेन्झांचं काय? स्वीडनच्या लुंडबोर्ग यांनी १९७० च्या दशकात सशाच्या कंडरेचा तुकडा त्याच्याच गुडघ्याच्या सांध्यातल्या द्रवात ठेवला. आजूबाजूला चिकटायला काही नाही, रक्तपुरवठा नाही. तरी ती भरून आली. पुढे गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये कुत्र्यांवर दाखवलं, की मोजकी हालचाल दिलेल्या शिवणी स्थिर ठेवलेल्यांपेक्षा लवकर मजबूत होतात. तिसऱ्या आठवड्यातच फरक दिसत होता. म्हणजे मेसन-ॲलनच्या काळापासून जो अशक्तपणा निसर्गाचा समजला जात होता, त्यातला काही भाग आपणच बोट बांधून ठेवल्यामुळे येत होता.

पदरांचा हिशेब

आता हलवायचं ठरलं. मग शिवणीला किती ओढ सोसावी लागेल? इथून हा इतिहास सुतारकामासारखा होतो, मोजपट्टी हातात घेऊन.

१९७५ मध्ये ड्यूक विद्यापीठाचे उर्बानियाक आणि सहकारी यांनी टाक्यांचे तीन गट पाडले. पहिला, साधा टाका: दोरा कंडरेच्या तंतूंना समांतर ओढला जातो आणि लोण्यातून सुरी जावी तसा निघून येतो. दुसरा, बनेल आणि केसलर यांच्यासारखा, जिथं दोरा आडवा फिरून तंतूंना मिठी मारतो. तिसरा, विणकाम: एका कंडरेतून दुसरी आरपार दोन-तीनदा ओवायची. इंग्लंडच्या पुल्व्हरटाफ्ट यांच्या नावाने ही वीण प्रसिद्ध आहे. सर्वात मजबूत अर्थातच वीण. मग तीच का नाही वापरत? कारण ती जाडजूड होते. मनगटाच्या वर जागा आहे, तिथं चालते. बोटाच्या बोगद्यात ती शिरणारच नाही. मजबुती हा एकच निकष घेतला तर हाताचं काय होईल ते यातून कळतं.

आता आकडे, ढोबळमानाने. दुसऱ्याने आपलं बोट हळूच वाकवलं तर कंडरेवर साधारण अर्धा किलो ओढ येते. आपण स्वतः हलक्या हाताने मिटलं तर दीड किलो. घट्ट मूठ आवळली तर पाच किलो. १९९२ मध्ये शुइंड आणि सहकाऱ्यांनी मनगटाची शस्त्रक्रिया चालू असताना माणसाच्या जिवंत कंडरेलाच मापक लावून पाहिलं. विरोध नसताना स्वतः बोट हलवलं तरी ओढ साडेतीन किलोपर्यंत गेली, आणि चिमटीत जोराने दाबल्यावर बारा किलोपर्यंत.

दुसऱ्या बाजूला शिवण. कापलेली जागा ओलांडून दोऱ्याचे जितके पदर जातात, तितकी तिची ताकद. इंडियानापोलिसच्या स्ट्रिकलंड यांनी हा ताळेबंद मांडला. दोन पदरांची शिवण ताजी असताना सुमारे १८०० ग्रॅम सोसते. पहिल्या आठवड्यात त्यातली निम्मी जाते, उरले ९०० ग्रॅम. बोट हलकं मिटायला लागतात १५०० ग्रॅम. खातं तोट्यात! चार पदर घाला: ३६०० ग्रॅम, आठवड्याने १८००. आता जमा थोडी जास्त आहे. सहा पदर असतील तर आणखी निश्चिंती. वर सूज आणि घर्षण यांचा भार वेगळा, हेही धरावं लागतं.

हा हिशेब कागदावरचा नव्हता. १९८९ मध्ये बेलफास्टच्या स्मॉल, ब्रेनन आणि कॉल्व्हिल यांनी रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर लवकरच स्वतःच्या जोराने बोट मिटायला लावलं. बोटं चांगली चालू लागली, पण सुमारे ९ टक्के शिवणी सुटल्या. शिवण सुटलेल्या माणसाला पुन्हा टेबलावर घ्यायचं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. ब्रिटनमध्ये सॅव्हेज यांनी १९८५ मध्येच सहा पदरांचा टाका मांडला होता, प्रयोगात जुन्या टाक्यांच्या जवळजवळ तिप्पट मजबूत. बेलफास्टचे निकाल आल्यावर अशा बहुपदरी टाक्यांची गरज सगळ्यांना पटली.

कडेच्या शिवणीचाही उल्लेख करायला हवा. मुख्य टाका आत, आणि कंडरेच्या परिघावरून एक बारीक दोरा गोल फिरवतात. पूर्वी ते नुसतं सुबक दिसण्यासाठी मानत. १९८० च्या दशकात मोजल्यावर लक्षात आलं की तो दोरा शिवणीला बरीच ताकद देतो, आणि मुख्य म्हणजे मधे फट पडू देत नाही. फट का महत्त्वाची? गेल्बरमन यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं, की तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट पडलेली शिवण जुळते, पण पुढच्या आठवड्यांत तिची ताकद वाढत नाही. ती अशक्तच राहते. म्हणून आज टाक्याची परीक्षा ‘कितीला तुटला’ एवढ्यावर संपत नाही. ‘कितीला फट पडली’ हेही बघतात.

घर्षण, कड्या आणि जागा रुग्ण

मग आठ पदर का नको, दहा का नको? कारण प्रत्येक पदर, प्रत्येक गाठ बोगद्यात घासते. मेयो क्लिनिकमध्ये अमाडिओ आणि सहकाऱ्यांनी हे घर्षण मोजलं आणि एक सोपी कल्पना दिली. कंडरा सरकवायला लागणारी ओढ ही खालची रेषा. शिवण सुटते ती ओढ ही वरची रेषा. या दोन रेषांच्या मधला पट्टा सुरक्षित. मजबूत टाक्याने वरची रेषा वर जाते, पण टाका खरखरीत असेल तर खालचीही वर येते, आणि पट्टा होता तितकाच राहतो. टाका किती मजबूत हवा, याचं उत्तर मला तरी इथं मिळतं: हा पट्टा रुंद होईल इतका.

खालची रेषा उतरवण्याचा एक मार्ग म्हणजे बोगदा सैल करणं. बोगद्याच्या दोन मुख्य कड्यांना हात लावायचा नाही, हाही एक जुना दंडक होता. चीनमधल्या नानतोंगचे तांग जिन बो आणि इतरांनी दाखवलं, की बाकीचा बोगदा शाबूत असेल तर या कडीचा काही भाग कापता येतो. बोट बिघडत नाही, उलट कंडरा मोकळी सरकते.

आणि सर्वात अलीकडचा बदल कॅनडातला. पूर्वी या शस्त्रक्रियेला हात बधिर करून दंडाला पट्टा आवळत, रक्त थांबावं म्हणून. रुग्ण झोपलेला किंवा हात लुळा. शिवण खऱ्या ओढीला टिकते का, हे टेबलावर कळायचं नाही. ॲड्रेनॅलिन टोचलं तर रक्त थांबतं, पण ‘बोटात ॲड्रेनॅलिन टोचलं तर बोट सडतं’ हे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलेलं. सेंट जॉन शहरातल्या डोनाल्ड लालोंड यांनी ही भीती मुळापासून तपासली. जुन्या दुर्घटना मुख्यतः प्रोकेनसारख्या जुन्या औषधांच्या काळातल्या निघाल्या. २००५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हाताला आणि बोटांना ॲड्रेनॅलिन दिलेल्या सलग ३,११० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. एकाचंही बोट गेलं नव्हतं.

तेव्हापासून अनेक ठिकाणी रुग्ण जागा असतो. सर्जन टाका घालतो आणि म्हणतो, ‘आता बोट मिटा.’ रुग्ण मिटतो, उघडतो. फट पडली तर तिथंच दिसते, तिथंच आणखी एक टाका. कुत्रे, ससे, ताण मोजणारी यंत्रं यांच्यानंतर मोजमापाचं साधन खुद्द रुग्णाचंच बोट झालं.

आपल्यापुरतं

गेलनची मनाई, बनेल यांची मनाई, तीन आठवड्यांची सक्ती, कड्यांचा दंडक, ॲड्रेनॅलिनची भीती. यातली बहुतेक मूर्खपणातून आलेली नव्हती. प्रत्येकीला तिच्या काळाचं कारण होतं. पुढच्या पिढीने नियम पाठ केला आणि कारण विसरली, तिथून रुग्णाचं नुकसान सुरू झालं. ताठ बोट घेऊन घरी गेलेल्या माणसाला कुणी सांगितलं नाही की हे टाळता आलं असतं, कारण सांगणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. इतका सगळा इतिहास उपयोगाचा तेव्हाच, जेव्हा तुटलेली कंडरा वेळेत ओळखली जाते. विळीने, काचेने, मांजाने झालेली जखम वरून लहान दिसते. दोन टाके घालून माणूस घरी येतो, आणि दोन महिन्यांनी लक्षात येतं की बोटाचं टोक वाकतच नाही. म्हणून बोटाला किंवा तळव्याला खोल कापलं तर मधलं पेर धरून ठेवा आणि टोकाचं पेर स्वतःहून वाकतं का बघा. बोटाला स्पर्श कळतो का तेही बघा. शंका असली तर ‘शीर तुटलीय का’ असं मोघम विचारू नका. ‘कंडरा तपासली का’ असं विचारा. पहिल्या काही दिवसांत केलेली दुरुस्ती आणि काही महिन्यांनी केलेली, यात फार फरक आहे.

आणि शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम तितकाच, तसाच करायचा. कमी केला तर चिकटेल, जास्त केला तर सुटेल. टाका कितीही पदरांचा असो, तो पट्टा शेवटी रुग्णालाच सांभाळावा लागतो.